रिकाम्या खोलीचा आवाज

१

माझा धंदा कचरा काढण्याचा आहे. कीर्तीला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांना मी हेच उत्तर दिलं होतं आणि त्यांचा चहाचा कप हातात तसाच राहिला होता. मग माझ्या मामांनी घाईघाईने खुलासा केला, की कचरा म्हणजे आवाजातला. लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकांमागे धडधडणारा जनरेटर, महाराजांच्या प्रवचनात मधेच किंचाळणारा माईक, पुढाऱ्याच्या भाषणामागे भांडणारी कुत्री. हे सगळं काढायचं आणि आवाज धुऊन पुसून माणसाच्या हातात द्यायचा. पोट भरतं.

स्टुडिओ कुपवाडच्या एमआयडीसीत, मामांच्याच जुन्या शेडमध्ये. एका बाजूला पावडर कोटिंग, दुसऱ्या बाजूला गुंडाचा लेथ. अशा गोंगाटात आवाजाचा स्टुडिओ म्हणजे मच्छीबाजारात जैन खानावळ, असं सगळे चिडवतात. पण मी शेडच्या आत खोली आणि त्या खोलीच्या आत आणखी एक खोली बांधली आहे. बाहेरच्या खोलीत मी बसतो. समोर दुहेरी काच, आणि काचेपलीकडे गाद्यांनी मढवलेली छोटी बूथ. तिचं दार लावलं की आत स्वतःच्या रक्ताचा आवाज येतो. गुंडा एकदाच आत जाऊन आला. "भरतेशदादा, हितं मानूस येडा हुईल," म्हणाला. "मला बाबा कानात मशीनचा आवाज लागतो."

कचरा काढायची रीत सोपी आहे. नको असलेल्या आवाजाचा एक तुकडा निवडायचा, सॉफ्टवेअरला ऐकवायचा आणि सांगायचं, हा कचरा. मग ते अख्ख्या रेकॉर्डिंगमधून तेवढंच वेचून टाकतं, तांदळातले खडे वेचावेत तसं. खडा कुठला आणि तांदूळ कुठला, हे त्याला कळत नाही. ते माणसाने सांगायचं असतं.

घरी मात्र माझं काही चालत नाही. आमच्या प्रियदर्शनीला बाळदमा आहे. आठ वर्षांची पोर, पण छातीत सदानकदा घरघर. मी आणि कीर्ती त्या घरघरीवरच झोपतो. हलकी असली तर पंप, शिट्टी वाजायला लागली तर वाफ, शिट्टीला खोकला लागला तर विश्रामबागेतला दवाखाना. घड्याळात न बघता वेळ कळावी तसं मला तिचा दम झोपेतही कळतो. कीर्ती म्हणते, "जगाचा आवाज साफ करता, तेवढी पोरीची छाती साफ करा की."

हे ती हसत म्हणायची. मीही हसायचो.

२

दिग्विजय साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात माहितीपट काढतो. तो एक गंजका डबा घेऊन आला. डब्यात फिल्मचं एक रीळ होतं, आकसलेलं, चिकट. त्यावर चित्र नव्हतं. कडेने नुसती काळीपांढरी आवाजाची पट्टी.

"हुगो फ्रेंकेल," दिग्विजय म्हणाला. "बर्लिनच्या एका फिल्म स्टुडिओत साउंडला होता. तुमच्याच जातीचा म्हणायचा, भरतेशराव. आवाजवाला."

मग त्याने सांगितलं ते असं. हिटलर आला आणि महिन्या-दोन महिन्यांत स्टुडिओने आपली ज्यू माणसं काढून टाकली. कॅमेरावाले, आवाजवाले, फिल्म जोडणाऱ्या बायका, सगळे. त्यांनी केलेले पिक्चर चालूच राहिले, नावं तेवढी पडद्यावरून गेली. हुगो मुंबईला पळून आला आणि इथल्या पिक्चरांचे आवाज घेऊ लागला. पुढे युद्ध लागलं तसं इंग्रजांनी त्याला जर्मन म्हणून धरलं. तिकडे ज्यू म्हणून हाकलला, इकडे जर्मन म्हणून अडकवला. शेवटी साताऱ्यात आणून ठेवला. शहराबाहेर जायचं नाही, रोज हजेरी द्यायची. युद्ध संपेपर्यंत माणूस तिथेच होता.

"घरचं कोण?"

"एक बहीण. तीही त्याच स्टुडिओत फिल्म जोडायची. ती आणि तिची लहान मुलगी मागे राहिल्या. बर्लिनमध्येच कुठेतरी आणखी दोघांबरोबर लपल्या होत्या, इथवर माग लागतो. पुढचा लागत नाही."

साताऱ्यातून निघायच्या आधी हुगोने पुण्याहून मशीन मागवून आपल्या राहत्या खोलीचा आवाज घेतला होता. तेच हे रीळ. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या धंद्यातला तो रिवाजच आहे. काम संपलं की सगळ्यांना बाहेर काढायचं आणि निघण्याआधी रिकाम्या खोलीची शांतता घ्यायची. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, आणि एकीची दुसरीला चालत नाही.

"माझ्या फिल्मच्या शेवटी त्याचा फोटो आहे," दिग्विजय म्हणाला. "त्याच्याखाली मला ती शांतता पाहिजे. बाकी काही नको."

३

बंद पडलेल्या एका टॉकीजच्या प्रोजेक्टरचा आवाज वाचायचा भाग मी कधीकाळी उचलून आणला होता. त्यावरून रीळ एकदाच जेमतेम गेलं आणि मागे तुकडे तुकडे होऊन पडलं. पण आवाज कॉम्प्युटरमध्ये आला होता; यापुढे रीळ म्हणतो ते त्यालाच.

एमआयडीसीच्या सुट्टीचा दिवस होता. लेथ बंद, रस्ता मोकळा. मी बूथचं दार उघडं ठेवलं आणि स्पीकरवर रीळ लावलं.

आधी फिल्मची खरखर. तिच्याखाली खोली. खोली लहान होती, लाकडी जमिनीची, जाड पडद्यांची. हे मी ऐकून सांगू शकतो, त्यात जादू काही नाही. मग मला वाटलं फिल्म हेलकावे खातेय. खरखर थोडी वर यायची, थोडी खाली जायची. मी हेडफोन घातला, आणि कळलं की तो श्वास आहे.

एकाचा नव्हता. तीन मोठी माणसं अगदी सावकाश, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. आवाज होऊ नये म्हणून माणूस घेतो तसा. आणि खाली, जमिनीजवळ, चौथा श्वास होता. त्यात घरघर होती. बाळदम्याची घरघर मला कोणी ओळखायला शिकवायला नको. मग खोकला आला. दोन आखूड आणि तिसरा गिळलेला, कापडात दाबलेला.

मग जिना वाजला. पोकळ लाकडी जिना, आणि त्यावर जड बूट. बूट वर आले, अगदी जवळ आले, थांबले. तिथेच रीळ संपलं.

मी हेडफोन काढला. मनाशी म्हटलं, हुगोसाहेबाने माणसं बाहेर काढलीच नसतील. घरमालकाची पोरं असतील भिंतीआड. वरच्या मजल्यावर कोणीतरी चढत असेल. सगळं अगदी सरळ होतं. तरी उठून बूथमध्ये डोकावून बघितलं, आणि दार लावून घेतलं.

४

दिग्विजयला त्या घराचे काही शॉट घ्यायचे होते, म्हणून मीही साताऱ्याला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी, गल्लीच्या टोकाला कौलारू घर. अर्ध्या भागात आता पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं भाड्याने राहतात. अर्ध्यात मनुबाई. नव्वदीकडे झुकलेली, पण नजर आणि कान शाबूत. तिची आई हुगोसाहेबाची भाकरी करायची.

खोली मी पाहिली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आता फरशी आली होती, भिंती त्याच होत्या. मी वर बघितलं. वर कौलं होती.

"आजी, इथं माडी होती का?"

"कशाची माडी? पयल्यापास्नं असंच हाय."

"जिना? शेजारी कुठं?"

"आरं, ह्या आळीत कुनाकडंच जिना न्हवता. बांदनार कोन?"

जमीन लाकडी नव्हती आणि जिना नव्हता. मी रिळात ऐकलेली खोली ही नव्हतीच. दिग्विजय बाहेर कॅमेरा लावत होता. मी विचारलं, की साहेबाने मशीन लावलं तेव्हा खोलीत कोण कोण होतं.

"कोन न्हाई. आमास्नी समद्यास्नी भायेर काडलं त्येनं. दार लावलं. म्या फटीतनं बघत हुते." तिने दोन्ही हात कानांवर नेले. "कानाला त्ये लावून बसला हुता. आन एकदम असा ताट झाला बग. मंग रडाय लागला, पर त्वांड दाबून. आवाज न्हाई."

"का रडला?"

"मला काय ठावं? ल्हान हुते म्या. पर मला वाटलं, आत कोनतरी गावलंय त्येला. म्या हसले. तर भायेर आला आन माज्या तोंडावर हात ठिवला. लय हळू. निजल्यालं पोर जागं व्हऊ ने म्हनून ठिवतो का न्हाई, तसा."

तिने आपला सुरकुतलेला हात स्वतःच्या तोंडावर ठेवून दाखवला आणि बराच वेळ काढला नाही.

५

हे सगळं मी दिग्विजयला सांगितलं नाही. काय सांगणार? त्याला रीळ ऐकवलं, तर तो म्हणाला, "श्वास बिस काय येतोय मागं, तो काढा. आणि ते पायांचे आवाज. मला रिकामी खोली पाहिजे, भरतेशराव. लोक विचारतील ना, आत कोण आहे."

त्याचं बरोबर होतं. मला नेमून दिलेलं काम होतं आणि मी रोज तेच करतो. श्वास, घरघर आणि तो खोकला आलेला तुकडा निवडला. सॉफ्टवेअरला ऐकवला. सांगितलं, हा कचरा.

एका क्षणात सगळं गेलं. बुटांचं नंतर बघू म्हटलं आणि पहिल्यापासून ऐकायला घेतलं. खरखर, खोली, पडदे. श्वास नाही. मग जिना. बूट वर आले, जवळ आले, थांबले.

आणि पुढे रीळ संपलं नाही. बूट थोडा वेळ उभे राहिले, मग वळले आणि खाली गेले. सावकाश, एकेक पायरी, पार खालच्या दारापर्यंत.

मी पडद्यावर बघितलं. आवाजाची रेघ पुढे चालत होती, जिथे आधी काहीच नव्हतं तिथेही. चुकून दुसरी फाइल जोडली गेली असेल, मशीन जुनं आहे, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. कोणाचा तरी जीव वाचल्यासारखं वाटलं, आणि मी खुर्चीत मागे रेलून मोठा श्वास सोडला.

तेव्हा काच दिसली. काचेवर वाफेचे डाग होते. एक माझ्या उंचीला, दोन थोडे खाली, आणि एक पार खाली, लहान. एसीमुळे धरतात कधी कधी. मी बाहीने पुसून बघितलं. पुसले गेले नाहीत. ते आतल्या बाजूने होते.

आम्ही जैन, सूर्यास्ताआधी जेवायला घरी पोचायचं असतं. मी दिवा बंद करून निघालो.

६

सकाळी मला जाग आली ती उन्हाने. एवढा उशीर मी वर्षानुवर्षं झोपलो नव्हतो. कीर्तीही शेजारी नुकतीच उठून बसली होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं, कारण घरात घरघर नव्हती.

"रातभर एकदा पण उठले नाही मी," कीर्ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला आमचे लग्नानंतरचे दिवस आठवले. "बघा, नवीन औषध लागू पडलं. आज शिरा करते."

प्रियदर्शनी मोरीपाशी दात घासत होती. पाठमोरी. मी दारातून बघत होतो. ती वाकली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि तिची पाठ हलायला लागली. दोन आखूड झटके आणि एक लांब. मग पुन्हा. ती वळली तेव्हा गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, तोंड उघडं होतं, डोळ्यांत पाणी होतं. ती खोकत होती. नळाचा आवाज येत होता. तिच्या बांगडीचा बादलीवर टिणटिण आवाज येत होता. खोकल्याचा आवाज नव्हता.

माझे कान गेले असं मला वाटलं, आणि मनापासून सांगतो, गेलेले असावेत अशी मी इच्छा केली. पण कीर्ती माझ्या मागे येऊन उभी होती आणि तिच्या हातातलं भांडं पडलं. ते मला नीट ऐकू आलं.

"अहो, हिला आवाज का येईना झालाय?"

पोरीचे ओठ निळसर पडले होते. रात्रभर ती अशीच खोकत असणार. आम्हाला हाक मारायला दम नसणार, आणि आम्ही दोघं शेजारी सुखाने झोपलो होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली. एकदा लावली, जागा बदलून पुन्हा लावली, मग आपल्याच नळीवर बोट वाजवून बघितलं. "छाती शांत आहे," ते म्हणाले. कीर्तीने हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "नाही ताई. शांत असणं चांगलं नाही." आणि त्यांनी नर्सला हाक मारली.

ऑक्सिजन लावला. सलाईन लावलं. मी पोरीच्या छातीवर कान ठेवला. छाती वरखाली होत होती, आत कोणीतरी कोंडल्यासारखी धडपडत होती, आणि ऐकू येत होता फक्त तिच्या फ्रॉकचा चुरगळा. जे मी कचरा म्हणून दाखवलं होतं, तेवढंच गेलं होतं.

"मी आलो," असं कीर्तीला म्हणालो आणि स्कूटर काढली. ती मागून ओरडली की अशा वेळी कुठं निघालाय.

७

गुंडाचा लेथ चालू होता, पण शेडमध्ये शिरून दार लावलं की तो ऐकू येत नाही. फोन कीर्तीशी जोडून स्पीकरवर ठेवला. रीळ लावलं.

बूट खाली गेले त्याच्या पुढचं मी काल ऐकलं नव्हतं. पुढे बराच वेळ काही नव्हतं. मग लाकडी जमीन कुरकुरली. कोणीतरी उठून उभं राहिलं. एक खुर्ची सरकली. बाईचा आवाज आला, अगदी हळू, मला न कळणाऱ्या भाषेत, जर्मनच असावी, पण पोराची समजूत घालायचा सूर सगळीकडे सारखाच असतो. मग ताटलीवर चमचा वाजला. आणि मुलगी हसली.

तिच्या हसण्यात दम नव्हता, म्हणजे श्वासाचा आवाज नव्हता. तो मी काढून टाकला होता. पण ती हसली. वाचली होती ती.

काचेवरचे डाग होते तिथेच होते. कमी-जास्त होत होते, सावकाश.

फोनमधून कीर्ती म्हणाली, "काय करालाय तुमी तिकडं? ते आयसीयूत न्यायचं म्हणालेत. माझ्याकडं बघालीय ती नुसती. अहो, तोंड हलतंय, आवाजच येईना."

मला एवढंच करायचं होतं. केलेलं काम मागे घ्यायचं. एक बटण. पण मागे घेतलं की त्या खोलीत खोकला परत येणार होता, आणि बूट अजून त्या घराच्या आसपासच असणार होते.

मी दुसरं सगळं करून बघितलं. बुटांचा तुकडा निवडला आणि सांगितलं, हा कचरा. सॉफ्टवेअर फिरलं, थांबलं, आणि बूट आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. नुसता श्वास परत आणावा आणि खोकला काढलेलाच ठेवावा म्हणून धडपडलो, पण मी दोन्ही एकाच तुकड्यात दाखवले होते. मशीनच्या लेखी तो एकच कचरा होता, आता ते वेगळे होत नव्हते. मी हात जोडले. आमच्या घरात पाणी गाळून घेतात, दिव्यावर किडा येऊ नये म्हणून जाळी ठेवतात. मी णमोकार मंत्र म्हणायला लागलो आणि अर्ध्यावर मला पुढचे शब्द आठवेनात.

"भरतेश," कीर्ती म्हणाली. लग्नानंतर तिने मला नावाने हाक मारली नव्हती. "पोरगी चालली माझी."

मी काचेकडे बघितलं. खालच्या लहान डागावर एक बोट उमटलं होतं. उभं, ओठांवर ठेवावं तसं.

मी बटण दाबलं.

८

खोकला दोन्हीकडून एकाच वेळी आला. दोन आखूड, एक लांब. फोनमधून आणि स्पीकरमधून. कीर्ती मोठ्याने रडायला लागली. "आला, आवाज आला, अहो, घरघर ऐकू यायला लागली," आणि मागे डॉक्टर काहीतरी सांगत होते. माझ्या प्रियूची छाती फुटक्या बाजाच्या पेटीसारखी वाजत होती, आणि त्याच्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

स्पीकरमध्ये चमचा थांबला होता. खालचं दार उघडलं. बूट परत जिना चढायला लागले, या वेळी भराभर, आणि एकाच माणसाचे नव्हते.

मी आवाज बंद केला. ऐकलं नाही. एवढं तरी मी करू शकत होतो. पण पडद्यावरची रेघ बंद करायचं सुचलं नाही, आणि ती धावत राहिली. एकदा खूप उंच उडाली. पुन्हा उडाली. मग बराच वेळ वेडीवाकडी होत राहिली. मी तिच्यावरून नजर काढली तेव्हा काच समोर होती. माझ्या उंचीचा डाग आधी गेला. मग मधले दोन. खालचा लहान तेवढा राहिला होता. कोणी विझवायला विसरावं तसा तो थोडा वेळ राहिला, मग आक्रसत आक्रसत त्या बोटाच्या जागेवर आला आणि गेला.

पडद्यावर रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट झाली होती.

९

फाइल मी दिग्विजयला पाठवली. पुन्हा काहीच साफ केलं नव्हतं, होती तशी पाठवली. त्याचा लगेच फोन आला. "कमाल केलीत भरतेशराव. एक श्वाससुद्धा नाही. अगदी रिकामी खोली." मी म्हणालो, मी काही केलं नाही. त्याला तो विनय वाटला.

साताऱ्यात फिल्म दाखवली तेव्हा मनुबाईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेवटी पडद्यावर हुगोसाहेबाचा फोटो आला आणि ती शांतता सुरू झाली. लोक आदराने गप्प बसले. मनुबाईने मान तिरपी करून ऐकलं. दिवे लागल्यावर तिने मला हाताने जवळ बोलावलं.

"त्या दिशी फटीतनं ती खोली आयकली हुती म्या," ती म्हणाली. "ही ती न्हवं. हितं कोनच न्हाई." मग माझ्या मनगटावर हात ठेवून विचारलं, "गेली व्हय रं ती पोर?"

तिने हात काढून घेतला.

प्रियदर्शनी बरी आहे. घरघर आहे तशीच आहे, आणि कीर्ती आता त्या घरघरीवरून कुरकुरत नाही. फक्त एक झालंय. खोकला आला की पोर आधी उशी नाही तर आईचा पदर तोंडात कोंबते, दोन आखूड आणि एक गिळलेला, आणि मग श्वास धरून बसून राहते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. काल संध्याकाळी जेवताना तसंच झालं. कीर्तीने तिच्या तोंडातला पदर हळूच ओढून काढला आणि पाठीवर हात फिरवत विचारलं, "मोकळं खोक की गं. कुणाला भितीस एवढं?"

ती माझ्याकडे बघत राहिली.